जुन्या मोटारीच्या कमानी

वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत इटलींतील फियाट ११०० जातीची मोटार तयार होत असे. तिलाच पुढें ‘प्रीमियर पद्मिनी’ हें नांव मिळालें. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपानें तिनें मुंबईची कित्येक वर्षें सेवा केली व ऑक्टोबर २०२३ मध्यें त्या कामांतून निरोप घेतला. आतां हौशी तरुण अशा जुन्या गाड्या घेऊन त्यांस नवें रूप देतात. आणि गाडी जमिनीलगत बसविण्याची आवड त्यांत फार दिसते. ही आवड वाईट नाहीं; परंतु गाडी कशाच्या आधारावर उभी असते हें समजल्यावांचून ती पुरविणें धोक्याचें आहे.

पद्मिनीच्या पुढच्या प्रत्येक चाकास एक वरची व एक खालची अशा दोन भुजा असून त्यांच्या जोडीस वेटोळ्याची पोलादी स्प्रिंग असते. मागचीं दोन्ही चाकें एकाच आंसावर असून तो आंस धनुष्याकृति पाट्यांच्या कमानींस बांधलेला असतो. कमान रस्त्याचा धक्का पोटांत घेते. पण घेतलेली शक्ति ती लगेच परत करते व गाडी झुल्याप्रमाणें हेलकावूं लागते. तें हेलकावणें शॉक ॲब्सॉर्बर थांबवितो. त्याच्या नळींतील तेल दट्ट्याच्या लहान छिद्रांतून रेटलें जातें व धक्क्याची शक्ति उष्णता होऊन निघून जाते. भुजांच्या व पाट्यांच्या सांध्यांत रबराचे बुश बसविलेले असतात.

गाडी खालीं आणण्यांत खरा लाभ कोणता? गुरुत्वमध्य खालीं येतो, हा. समजा, तो जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंच होता व ४५ वर आला. तर त्याच वेगानें त्याच वळणावर बाहेरच्या चाकांवर ढकलला जाणारा भार एकदशांशानें कमी होतो, आणि गाडी कमी कलते.

परंतु या लाभाची किंमत द्यावी लागते. कांहीं ठिकाणीं स्प्रिंगचा एक वेढा कापून काम उरकतात. त्याचा हिशेब करून पाहूं. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालीं प्रसिद्ध केलेला नियम वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच : भार ज्या प्रमाणांत वाढवावा, त्याच प्रमाणांत कमान दबते. आठ वेढ्यांच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला, तर ती सुमारें १४ टक्के कडक होते. त्या वेढ्यानें २ सेंटिमीटर जागा व्यापली असेल व स्प्रिंग भुजेच्या मध्यावर असेल, तर तरफेच्या न्यायानें चाकापाशीं गाडी ४ सेंटिमीटर उतरते. चाकास वर सरकण्यास पूर्वीं ८ सेंटिमीटर जागा होती असें धरल्यास आतां ४ च उरली. कमानींत सांठणारी शक्ति ही दबण्याच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. म्हणजे जागा निम्मी झाली कीं सामर्थ्य चतुर्थांश होतें. वाढलेला कडकपणा जमेस धरला तरी तें पूर्वीच्या तीनदशांशांपर्यंतही पोहोंचत नाहीं. उरलेला धक्का सांगाड्याच्या जोडांवर व आंत बसलेल्या माणसांच्या पाठीवर जातो. शिवाय उडी बसतांना कापलेली स्प्रिंग आपल्या बैठकींतून निसटण्याचें भय असतें.

म्हणून प्रथम दुरुस्ती, मग उंची, हा क्रम सोडूं नये. कित्येक जुन्या गाड्या वर्षानुवर्षांच्या भारानें आधींच खचलेल्या असतात. खचलेल्या स्प्रिंगची लांबी घटलेली असते, कडकपणा मात्र वाढलेला नसतो. म्हणून ती बदलणेंच बरें. मागचे पाटे सुटे करून गंज काढावा व मोडलेला पाटा बदलावा. बाक कमी करणें असेल तर पाटा तापवूं नये. त्यानें पोलादाचें पाणी उतरतें. हें काम अनुभवी कारागिराकडून थंड स्थितींतच करून घ्यावें. शॉक ॲब्सॉर्बर जोडीनेंच बदलावेत. रबरी बुशांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचे आवळावेत. चाकें अधांतरीं लोंबत असतांना ते आवळले, तर गाडी खालीं येतांच रबर पिळलें जातें व थोड्याच दिवसांत फाटतें. हें सर्व झाल्यावर गाडी खालीं आणावयाचीच असेल, तर योग्य कडकपणाच्या तयार स्प्रिंगा घालून थोडीच आणावी, व चाकांची दिशा आणि कल यंत्रावर तपासून घ्यावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचें ५२ वें कलमही ध्यानांत ठेवावें. उत्पादकानें नमूद केलेल्या व नोंदणीपत्रांत दाखल झालेल्या तपशिलाशीं विसंगत असा फेरबदल करण्यास त्यानें मनाई आहे.

पालकांस एक विनंति आहे. मुलांच्या हातीं पाना द्यावा, हें उत्तमच. तथापि दाबलेली स्प्रिंग ही भरलेल्या बंदुकीसारखी असते. ती दाबयंत्राशिवाय सोडवूं नये, आणि नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखालीं कोणीही शिरूं नये. भक्कम घोडे लावल्यावरच शिरावें.

चाक व सांगाडा यांमधील ती चार बोटें जागा पाहणाऱ्यास रिकामी वाटते. खड्ड्याच्या क्षणीं मात्र आंतल्या माणसांचें रक्षण तीच करते. शोभेसाठीं ती जागा कमी करण्यापूर्वीं तिचें काम पुढें कोण करणार, हें ज्यानें ठरविलें असेल त्यानेंच पान्याला हात घालावा.