तार ऐकू येते, लाकूड हरवते

कुर्ल्याच्या कामगार सभांत भाषणांआधी गाणी होतात. हल्ली पोरे गिटार आणतात. समोर बसून ऐकावी तर गोड. कर्ण्यातून मात्र पत्र्यावर टिचकी मारल्यासारखी वाजते. असे का व्हावे?

मिरजेचा तंबोरा आठवा. तारेखालचा जव्हारीचा दोरा केसभर सरकला की स्वर पालटतो. गिटारच्या घोडीत हाडाची पट्टी असते. तारेचा कंप तिच्यातून लाकडी तबलीत उतरतो, तबली पेटीतली हवा हलवते आणि तो आवाज आपल्या कानी येतो. पिकअपची चपटी फीत या हाडाखाली बसते. दाब पडताच स्फटिकात वीज उत्पन्न होते, हे क्यूरी बंधूंनी 1880 साली दाखविले. फितीचे तत्त्व तेच. ती घोडीवरचा दाब टिपते. तबलीने हलविलेली हवा तिच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून जोराने छेडले की आघात तेवढा टोचतो. खाच सपाट नसेल तर एखादी तार मुकी होते, आणि हाड नीट न टेकल्यास विजेवाचूनही आवाज दबतो.

मग फीत टाकून द्यावी काय? नाही. मायक्रोफोन हवा ऐकतो, पण कर्णाही ऐकतो आणि शिट्टी मारतो. फीत गर्दीत त्या मानाने निभावते. दोन्ही मिसळावीत. फितीला जुळता प्रीअँप्लिफायर द्यावा, नाहीतर खर्ज गळतो.

पोरांना आम्ही एवढेच सांगतो: पगार खर्चण्यापूर्वी दुसऱ्याची जोडलेली गिटार ऐका. वायरीसाठी लाकडाला पाडलेले भोक पुन्हा भरून येत नाही.