साठ अंशांवर उकळणारा पाक

इंदापूर तालुक्यात कळंब आणि वालचंदनगर एकमेकांना खेटून वसली आहेत. वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने १९३०च्या दशकात इथे साखर कारखाना काढला. पुढे साखर कारखान्यांना लागणारी यंत्रंही इथेच बनू लागली. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर धरून या सगळ्या पट्ट्यात गळीत हंगाम म्हणजे पाणी उडवण्याचा हंगाम. उसात साधारण ७० टक्के पाणीच असतं.

ते नुसतं उकळून का काढत नाहीत? गुऱ्हाळात तसंच करतात. उघड्या काहिलीतला पाक उतरवेपर्यंत ११८ अंशांच्या आसपास तापतो, थोडी साखर फुटते, रंग तांबूस होतो. गुळाला तो शोभतो. पांढऱ्या, दाणेदार साखरेला हे परवडत नाही.

द्रवाचे रेणू वर निसटायला सतत धडपडत असतात आणि हवा त्यांच्यावर दाब देऊन बसलेली असते. वाफेचा दाब हवेच्या दाबाइतका झाला की उकळी फुटते. या भागाची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ५०० मीटर धरली, तर इथे पाणी शंभरला नव्हे, ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. दाब आणखी कमी केला तर? इंग्लंडच्या एडवर्ड हॉवर्ड यांनी १८१३मध्ये नेमकं हेच करणाऱ्या बंद भांड्याचं पेटंट घेतलं. तेच आजचं व्हॅक्यूम पॅन. त्यातला दाट पाक साठ-सत्तर अंशांवर खदखदतो. प्रेशर कुकर करतो त्याच्या बरोब्बर उलट.

पॅनमन काचेच्या खिडकीतून आत बघतो, पितळी दांड्याने नमुना काढतो, काचेवर पसरून दिव्यासमोर धरतो. दाणे एकसारखे वाढताहेत की मध्येच बारीक भुकटी धरलीय, हे त्याला तिथेच कळतं. उपकरणं आली तरी या नजरेचा भाव उतरलेला नाही.

पॅनमधली हवा मोठ्या पंपाने ओढून घेतात, असा अनेकांचा समज असतो. पंप असतो, पण खरं काम वाफच करते. इतक्या कमी दाबाला एक किलो वाफ दहा हजार लिटरांहून जास्त जागा व्यापते. कंडेन्सरमध्ये तिच्यावर गार पाणी फवारलं की तिचं जेमतेम लिटरभर पाणी होतं. रिकाम्या झालेल्या जागेत पॅनमधली वाफ धावते. द्रवरूप न होणारी उरलीसुरली हवा तेवढी पंपाने काढायची.

कंडेन्सर इतका उंच का टांगलेला असतो, याचं उत्तर टॉरिचेलीच्या १६४३च्या प्रयोगात आहे. समुद्रकाठी हवा पाण्याचा सुमारे १०.३ मीटरांचा स्तंभ तोलून धरते. इथे साधारण पावणेदहा मीटरांचा. खाली सोडलेला नळ त्याहून लांब ठेवला की वापरलेलं पाणी आपल्या वजनानेच निघून जातं आणि बाहेरची हवा आत शिरत नाही.

पॅनच्या आधी रस आटवण्यासाठी नॉर्बर्ट रिलिये यांची युक्ती वापरतात. त्यांचं पेटंट १८४३चं. एका भांड्यातली वाफ पुढच्या, कमी दाबाच्या भांड्याला तापवते. पाच भांडी जोडली तर एक किलो वाफेवर ढोबळमानाने पाच किलो पाणी उडतं. बॉयलरला लागणारा बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, वाचतो, आणि वाचलेल्या बगॅसवर आता वीज तयार होते.

मात्र उकळी जोरात आली की वाफेबरोबर पाकाचे थेंबही उडतात. म्हणून प्रयोगशाळेत कंडेन्सरच्या पाण्यात अल्फा-नॅफ्थॉल आणि सल्फ्युरिक आम्ल घालून बघतात. जांभळं वलय दिसलं, तर साखर पोत्यात जायची सोडून हे पाणी गार करणाऱ्या स्प्रे पाँडमध्ये चालली आहे.