टॉर्च तोच, निष्ठा का बदलली?

चेन्नईच्या एग्मोरहून बोलतोय. मागच्या भागात आपण घरातली आपत्कालीन पेटी कशी भरायची ते पाहिलं. त्यानंतर सगळ्यात जास्त प्रश्न एकाच वस्तूबद्दल आले: "सर, टॉर्च कोणता घ्यावा? महागडा परदेशी घेतला तर पैसे वसूल होतात का?"

याचं उत्तर एका वाक्यात देता येईल, पण ते तुमच्या उपयोगाचं नाही. म्हणून आज एका नामांकित टॉर्च कंपनीची गोष्ट सांगतो. एके काळी टॉर्चचे शौकीन तिच्या नावाने शपथ घ्यायचे. मग हळूहळू दुसरीकडे वळले. का वळले हे कळलं की तुमची खरेदी तुम्हालाच ठरवता येईल.

आधी माझी फजिती ऐका. १२ डिसेंबर २०१६. दुपारी वर्दा चक्रीवादळ चेन्नईवर आदळलं. शहरात हजारो झाडं पडली, विजेचे खांब वाकले, संध्याकाळी एग्मोर स्टेशनच्या बाजूलासुद्धा काळोख. माझ्याकडे शुअरफायरचा 'सिक्स पी' होता. २००६ साली शांतिसेनेबरोबर काँगोला गेलेल्या माझ्या एका कोर्समेटने तो भेट दिला होता. पहिल्या रात्री मी ऐटीत त्याच्या उजेडात सगळ्या इमारतीची पाहणी केली. दुसऱ्या रात्री शेजारच्या पाटींना, म्हणजे आजींना, दम लागला. लिफ्ट बंद, तीन मजले खुर्चीवरून उतरवायचं होतं. मी टॉर्चचं बटण दाबलं. काही नाही. सेल संपले होते, आणि जास्तीचे मी ठेवले नव्हते. ते सीआर१२३ए जातीचे, पूर्वी फोटोच्या दुकानात मिळायचे. रोलचे कॅमेरे गेले, तसे तेही गेले. शेवटी आमच्या वॉचमनने आपला साधा दोन सेलचा टॉर्च धरला आणि आम्ही पाटींना खाली आणलं. त्याचे सेल कोपऱ्यावरच्या पेट्टिकडैतले होते. पाटी सुखरूप घरी परत आल्या. पण मी तेव्हा खजील झालो तो आजतागायत. दोष टॉर्चचा नव्हता, तयारी न ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचा होता.

आता मूळ गोष्ट. आपल्या गावाकडे टॉर्चला 'बॅटरी' म्हणतात आणि बॅटरीला 'सेल'. त्या बॅटरीचं दुसरं नाव म्हणजे एव्हरेडी. लखनौला १९५८ साली टॉर्चचा कारखाना निघाला, आणि 'जीवनसाथी'सारखे पितळी टॉर्च शेतावर, रेल्वेत, पोलीस चौकीत, सगळीकडे पोचले. ही निष्ठा किती चिवट होती पाहा. हे नाव युनियन कार्बाइड इंडियाचं. १९८४ साली त्याच कंपनीच्या भोपाळच्या कीटकनाशक कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसं मेली. १९९४ मध्ये अमेरिकन मालकांनी आपला हिस्सा विकला. या सगळ्या काळात किराणा दुकानात गिऱ्हाईक मात्र "लाल सेल द्या" एवढंच म्हणत राहिलं. सवय झाली की माणूस मागे कोण उभं आहे ते विचारत नाही.

अमेरिकेत १९७९ साली टोनी मॅग्लिकांनी मॅगलाइट बाजारात आणला. ॲल्युमिनियमची जाड नळी, आत मोठे सेल. पोलिसांच्या हातात तो दिवाही होता आणि दंडुकाही. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात जॉन मॅथ्यूज बंदुकीवर बसवायच्या लेझरवर काम करत होते. त्यांच्या कंपनीतून पुढे शुअरफायर हे नाव मोठं झालं. त्यांनी वेगळा विचार केला. टॉर्च तळहातात मावला पाहिजे, बंदुकीच्या धक्क्याने बल्ब तुटता कामा नये, आणि पाच-दहा वर्षं कपाटात पडून राहिला तरी वेळेला पेटला पाहिजे.

'सिक्स पी' हे त्याचंच फळ. दोन लिथियम सेल, झेनॉन वायूचा बल्ब, ६५ लुमेन उजेड, साधारण तासभर. आज ६५ ऐकून हसाल. पण त्या काळी तेवढ्या उजेडासाठी हातभर लांबीचा टॉर्च लागायचा. लिथियम सेलचा दुसरा गुण आम्हा फौजींना लगेच कळतो. उंचावरच्या चौकीत साधे सेल थंडीने मान टाकतात. आम्ही ते रात्री स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपायचो, म्हणजे पहाटे गस्तीला निघताना थोडी धुगधुगी राहायची. लिथियमचे सेल उणे तापमानातही काम करतात आणि दहा वर्षं ठेवले तरी टिकतात. म्हणून सैनिक, पोलीस आणि त्यांचं पाहून हौशी लोक शुअरफायरकडे गेले. ही निष्ठा जाहिरातीने मिळालेली नव्हती. कामातून मिळाली होती.

मग बदललं काय? तीन गोष्टी.

पहिली, दिव्याचा जीव बदलला. बल्बमध्ये तार तापून पांढरी होते तेव्हा उजेड पडतो, आणि बहुतेक वीज उष्णतेत जाते. एका वॅटला दहा-वीस लुमेन मिळाले तरी खूप. एलईडीत तार नाही, स्फटिकातूनच प्रकाश निघतो. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ चं नोबेल मिळालं. त्या निळ्यावर पिवळ्या भुकटीचा लेप दिला की पांढरा उजेड होतो. २००६ साली क्री या कंपनीचा एक्सआर-ई नावाचा एलईडी आला आणि टॉर्चच्या दुनियेत एकदम उडी पडली. आज चांगला एलईडी एका वॅटला शंभराहून जास्त लुमेन देतो. शुअरफायर एलईडीत मागे होती असं नाही. तिचे सुरुवातीचे एलईडी टॉर्च शौकिनांनी डोक्यावर घेतले होते. पण एलईडी दरवर्षी सुधारत होता, आणि कंपनीची चाल होती फौजेला माल पुरवणाऱ्याची: तपासा, पुन्हा तपासा, मग विका. प्रदर्शनात दाखवलेलं मॉडेल दुकानात यायला फार वेळ लागतो, अशी शौकिनांची तक्रार असायची.

दुसरी, सेल बदलला. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीत असायचा तो १८६५० सेल: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. पुन्हा पुन्हा चार्ज होतो. दोन सीआर१२३ए एकापुढे एक ठेवले तर लांबी जवळपास तेवढीच, आणि साठवलेली ऊर्जाही साधारण तेवढीच किंवा थोडी जास्त. फरक एवढाच की सीआर१२३ए एकदा वापरून फेकायचे. रोज टॉर्च वापरणाऱ्याच्या खिशाला हा फरक लवकर कळतो.

तिसरी, नवे कारखाने आले. चीनमधून फिनिक्स, नाइटकोर, ओलाइट ही नावं आली. यांची सुरुवात स्वस्त नकलांनी झाली असेल असं अनेकांना वाटतं. पण त्यांची खरी ताकद वेग होती. नवा एलईडी आला की काही महिन्यांत त्यांचा टॉर्च तयार. उजेडाच्या चार-पाच पायऱ्या, चार्जिंगची सोय, आणि किंमत बरीच कमी.

आता गंमत पाहा. शौकिनांनी जुना टॉर्च लगेच टाकला नाही. 'सिक्स पी'चा बल्ब आणि आरसा एकाच डबीत बसवलेले होते, ती डबी काढून दुसरी घालता यायची. अमेरिकेतल्या माल्कॉफसारख्या छोट्या उत्पादकांनी त्याच मापाच्या एलईडीच्या डब्या केल्या. काहींनी तर लेथवर नळी आतून एक-दीड मिलिमीटर कोरून घेतली, १८६५० बसावा म्हणून. म्हणजे कुडी शुअरफायरची, काळीज दुसऱ्याचं, रक्त तिसऱ्याचं. निष्ठा एका रात्रीत तुटत नाही, अशी थोडी थोडी सुटते. शेवटी माणूस विचारतो, या कुडीचे तरी एवढे पैसे का देऊ?

कंपनी संपली का? नाही. पुढे तिने दोन्ही प्रकारचे सेल चालणारे टॉर्च काढले, आणि बंदुकीवरच्या दिव्यांत तिचं नाव आजही वजनदार आहे. तिथे गिऱ्हाईक उजेडाचे आकडे मोजत नाही. हजार गोळ्या झाडल्यावर दिवा लागतो का, एवढंच पाहतं. हौशी माणसाची गरज वेगळी, शिपायाची वेगळी. दोघे एकाच दुकानात जात होते, कारण तेव्हा दुसरं दुकान नव्हतं.

आता आकड्यांकडे. इथून चालत जाण्याच्या अंतरावर रिची स्ट्रीट आहे, चेन्नईचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. अशा बाजारात खोक्यावर लाखभर लुमेन छापलेला टॉर्चही दिसतो. फसू नका. अमेरिकेत २००९ साली 'एफएल वन' नावाचं मानक आलं. त्यात ठरलं की उजेड मोजायचा तो टॉर्च लावल्यावर ३० सेकंदांपासून दोन मिनिटांच्या आत, पहिल्या क्षणाचा भपका नाही. किती वेळ चालतो, म्हणजे उजेड १० टक्क्यांवर येईपर्यंत. किती लांब जातो, म्हणजे उजेड चांदण्याइतका, ०.२५ लक्स, उरेपर्यंत.

लुमेन म्हणजे बादलीतलं एकूण पाणी. कँडेला म्हणजे पाइपातून निघणाऱ्या धारेचा जोर. खोलीसाठी लुमेन पाहा, शेताच्या बांधासाठी कँडेला. हिशेब सोपा आहे: कँडेलाला ०.२५ ने भागा आणि वर्गमूळ काढा. १०,००० कँडेला म्हणजे २०० मीटर. अंतर दुप्पट हवं तर कँडेला चौपट लागतात. डोळ्याचंही तसंच. दुप्पट लुमेनचा उजेड डोळ्याला दुप्पट वाटत नाही, त्यासाठी साधारण चौपट लागतात.

मग घ्यायचं काय? माझा सल्ला असा. घरात दोन टॉर्च ठेवा. एक चार्ज होणारा, रोजच्या वापराचा, ज्याच्या खोक्यावर 'एफएल वन'चे आकडे आहेत असा. दुसरा साध्या सेलचा, ज्याचे सेल तुमच्या गल्लीतल्या दुकानात मिळतात. साधे सेल टॉर्चमध्ये घालून वर्षानुवर्षं ठेवू नका, ते पाझरतात. वेगळे ठेवा. १८६५० सेल मोकळा खिशात, नाण्या-किल्ल्यांबरोबर टाकू नका. शॉर्ट झाला तर भाजेल, पेटेलही. उंचावर राहणाऱ्यांनी तो शून्य अंशाखाली चार्ज करू नये. आणि महिन्यातून एक दिवस ठरवून दोन्ही टॉर्च लावून पाहा. पलटणीत आम्ही हत्यारांची तपासणी करायचो, तशी.

माझा 'सिक्स पी' अजून आहे. त्यात आता एलईडीची डबी आहे आणि ड्रॉवरमध्ये सेलची जोडी. कोर्समेटची भेट आहे, म्हणून ठेवलाय. पण दाराशेजारच्या खिळ्याला लटकतो तो साधा, दोन सेलचा. पाटी येता-जाता त्याच्याकडे पाहतात आणि विचारतात, "मेजर, आज लागतो ना?" मी लावून दाखवतो.

तुमच्या घरातला टॉर्च आज रात्री एकदा लावून पाहा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.