तळ्याचा हिशेब मांडणारा शेतकऱ्याचा मुलगा

समजा, तुमच्या गावच्या पाझर तलावाच्या काठी एक तरुण गुडघाभर चिखलात उभा आहे. खांद्याला पिशवी, हातात बाटल्या. तळाचा गाळ काढतो, बाटलीत भरतो, वहीत काहीतरी टिपून घेतो. काही दिवसांनी पुन्हा हजर! वर्ष गेले, दोन वर्षे गेली, तरी त्याचे तेच चालले आहे. तुम्ही विचारलेत, "काय करतोस रे बाबा?" तर म्हणतो, "विद्यापीठात शिकतो." तुम्ही मनात म्हणाल, 'बापाने पोटाला चिमटा घेऊन पोराला शिकायला पाठवले आणि हा बसलाय किडे मोजत!'

वाचकहो, असे म्हणण्यापूर्वी एका खऱ्या मुलाची हकीगत ऐका.

त्याचे नाव रेमंड लिंडमन. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रेडवूड फॉल्स या गावी १९१५ साली तो जन्मला आणि शेतावरच वाढला. कॉलेजची पदवी घेतल्यावर तो पुढील शिक्षणासाठी मिनेसोटा विद्यापीठात दाखल झाला. सजीवांचा एकमेकांशी आणि भोवतालच्या माती, पाणी, ऊन, हवेशी कसा संबंध असतो, हे सांगणारे जे परिसरविज्ञान, ते त्याने अभ्यासाला घेतले. अभ्यासासाठी जागा निवडली ती सीडर बॉग नावाचे एक लहानसे तळे. हे तळे मिनियापोलिस शहराच्या उत्तरेला आहे. पाणी अगदी उथळ, खाली गाळच गाळ. काठाकडून गवत आत सरकत चाललेले. म्हणजे तळे म्हातारे झालेले, भरून जाण्याच्या वाटेवर असलेले.

अशा तळ्यात लिंडमनने सुमारे पाच वर्षे घालवली. पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे शेवाळ, पाणवनस्पती, गाळातल्या अळ्या, किडे, मासे, सगळ्यांची मोजदाद केली. तिकडच्या हिवाळ्यात तळ्यावर बर्फाचा थर बसतो. त्या बर्फाखाली प्राणवायू संपत आला की कोण जगते, कोण मरते, याचाही त्याने शोध घेतला. त्याची पत्नी एलेनोर हिने तळ्यावरच्या कामात त्याला साथ दिली. शेतावर नवराबायको मिळून राबतात, तसेच हे दोघे तळ्यावर राबले.

मोजदाद कशासाठी?

किडे मोजणारे त्याच्या आधीही होते. लिंडमनने विचारलेला प्रश्न मात्र शेतकऱ्याला शोभेल असा होता. तो म्हणाला, या तळ्यात आवक किती, खर्च किती आणि शिल्लक किती?

तळ्याची आवक म्हणजे ऊन. वर्षभरात चौरस सेंटीमीटरभर जागेवर १,१८,८७२ कॅलरी एवढे ऊन पडते, असे त्याने हिशेबाला धरले. त्यातले शेवाळाने आणि पाणवनस्पतींनी धरून ठेवले ते सुमारे १११ कॅलरी. म्हणजे हजार भागांतला जेमतेम एक भाग! वनस्पती खाणाऱ्या जिवांकडे त्यातल्या सुमारे १५ कॅलरी पोचल्या. त्या जिवांना खाणाऱ्यांकडे सुमारे ३.

मग बाकीचे गेले कुठे? काही प्रत्येक जिवाने जगण्यासाठी, श्वासोच्छ्वासासाठी खर्च केले. काही कोणी खाल्लेच नाही. ते मेले, बुडाले, कुजले किंवा गाळ होऊन तळाशी बसले. प्रत्येक पायरीवर असे मोठे माप गळते, आणि वरच्या पायरीला उरते ते थोडेच.

आता तुमच्या शिवारात या. शिवारात उंदीर शेकडो असतात, पण घुबडे दोनचारच का? वरच्या पायरीवर अधिकांना पुरेल एवढे पोचतच नाही, म्हणून. पोते भरून दाणे खाऊ घातले, तरी कोंबडीच्या अंगावर पोतेभर मांस का चढत नाही? उत्तर तेच. अन्नाबरोबर जाणाऱ्या काही विषांचे मात्र उलटे असते. डीडीटीसारखे विष शरीरातून सहजी बाहेर पडत नाही, चरबीत साठत जाते. अन्न पायरीपायरीने घटते, पण हे विष पायरीपायरीने दाट होत जाते. म्हणून त्याचा सर्वांत मोठा फटका शिकारी पक्ष्यांना बसला. हे कोडे उलगडायला, कोण कोणाला खातो याचा हिशेब आधी मांडावा लागतो.

निबंध परत आला!

१९४१ साली लिंडमनला डॉक्टरेट मिळाली. पुढे तो येल विद्यापीठात जी. एव्हलिन हचिन्सन या नामवंत शास्त्रज्ञाकडे कामाला गेला. आपल्या हिशेबातून निघालेला सिद्धांत त्याने निबंधात मांडला आणि तो 'इकॉलॉजी' या नियतकालिकाकडे पाठवला. संपादकांनी तो दोन जाणत्या तज्ज्ञांकडे दिला. दोघांनीही नकार कळवला. एका तळ्यावरून एवढा मोठा सिद्धांत कसा मांडता? आधी आणखी तळी तपासा, असा त्यांचा आक्षेप. आक्षेप अगदीच गैर होता असे नाही. पण हचिन्सन शिष्याच्या पाठीशी उभे राहिले. त्यांनी संपादक थॉमस पार्क यांना पत्र लिहिले. निबंधात दुरुस्त्या झाल्या आणि १९४२ साली पार्क यांनी तो स्वीकारला.

पण लिंडमनकडे वेळ उरला नव्हता. यकृताच्या दुर्मीळ विकाराने तो खंगत चालला होता. निबंध स्वीकारल्याचे त्याला कळले, छापलेला पाहणे नशिबी नव्हते. २९ जून १९४२ रोजी तो वारला. वयाची २७ वर्षेही पुरी झाली नव्हती. निबंध ऑक्टोबरच्या अंकात आला. आज जगभर परिसरविज्ञानाच्या विद्यार्थ्याला तो अभ्यासावा लागतो. शाळेच्या पुस्तकातला अन्नसाखळीचा आणि ऊर्जेचा धडा या तळ्याच्या काठावरून आलेला आहे.

तुमच्या घरातले मूल

ही गोष्ट सांगायचे कारण असे. तुमचा मुलगा किंवा मुलगी बी.एस्सी. होईल आणि एक दिवस म्हणेल, "मला पर्यावरणशास्त्र शिकायचे आहे." आपल्याकडे पुण्याच्या आणि कोल्हापूरच्या विद्यापीठांत या विषयाचे विभाग आहेत. एम.एस्सी.ला दोन वर्षे लागतात. पुढे संशोधन करायचे तर आणखी काही वर्षे. नेट परीक्षेतून फेलोशिप मिळाली, तर पीएच.डी. करताना दरमहा विद्यावेतन मिळते. मग घरावर सगळा भार पडत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्या. या पदवीला डॉक्टरकीसारखी स्वतःची पाटी लावता येत नाही. पाणी-माती तपासणाऱ्या प्रयोगशाळा, प्रदूषण नियंत्रण मंडळ, कारखान्यांचे पर्यावरण विभाग, शिक्षण, संशोधन अशा ठिकाणी कामे असतात, पण जागा मोजक्या आणि मागणारे पुष्कळ. म्हणून 'पदवी मिळाली की नोकरी दारात' या भरवशावर कर्ज काढू नका. प्रवेशाआधी मुलाला घेऊन विभागात जाऊन या. मागच्या वर्षीची मुले कुठे लागली, हे तिथे विचारा. विचारण्यात कसला आलाय कमीपणा!

पण याच्या जोडीला दुसरी बाजूही पाहा. पाऊस लांबला की कोणती कीड येते, विहिरीचे पाणी कधी खारावते, कोणत्या बांधावर साप असतो, हे तुमचे मूल न शिकवता पाहत आले आहे. शहरातल्या मुलाला हे मुद्दाम शिकावे लागते. पाहिलेले मोजायचे कसे आणि मोजलेले चारचौघांत सिद्ध करायचे कसे, तेवढे विद्यापीठ शिकवते.

नदीचे पाणी काळे झाले, विहिरीला वास येऊ लागला, की गाव अर्ज करते. 'पुरावा काय?' असा प्रश्न येतो आणि गाव गप्प बसते. त्या वेळी बाटलीत पाणी भरून, तपासून, आकडे मांडून उभे राहणारे कोणीतरी गावातले असावे लागते. ते कोणाच्या घरातले असेल?

तेव्हा तळ्याकाठी कोणी बाटल्या भरताना दिसले, तर हसू नका. जवळ जा, विचारपूस करा, घोटभर चहा द्या. आणि घरातल्या पोरीने उद्या तशीच वही हाती घेतली, तर तिला 'वेडी' म्हणण्याआधी एकदा तिची वही उघडून बघा.