मुलांच्या हातांतलें व्हिनाइल

अंजनगांव-सुर्जी म्हटलें कीं इतिहासाच्या अभ्यासकांस १८०३ सालचा शिंदे-इंग्रज तह आठवतो आणि इतरांस विड्याचीं पानें. परंतु तेथील बाजारांत लेंकरासाठीं चीं-चीं करणारें मऊ बदक विकत घेतांना तें कशाचें केलेलें आहे, हें सुशिक्षित आईबापही क्वचितच विचारतात.

तें बहुधा रबर नसून व्हिनाइल, म्हणजे पी. व्ही. सी. असतें. हा पदार्थ मूळचा ताठ. त्यास मऊपणा यावा म्हणून थॅलेट जातीचीं तेलकट द्रव्यें त्यांत मिसळतात. तीं त्याच्याशीं पक्कीं बांधलेलीं नसल्यामुळें मूल खेळणें चघळूं लागलें कीं लाळेवाटे पोटांत उतरतात. त्यांपैकीं कांहीं द्रव्यें संप्रेरकांच्या कार्यांत बिघाड करतात, असें प्राण्यांवरील प्रयोगांत आढळलें आहे. शिसें तर मेंदूच्या वाढीवरच घाला घालतें. दिल्ली, मुंबई व चेन्नई येथील मऊ खेळण्यांत शिसें व कॅडमियम सांपडल्याचा निबंध २००७ सालीं 'करंट सायन्स'मध्यें प्रसिद्ध झाला होता.

पुढें कायदा झाला. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आय. एस. आय. चिन्ह सक्तीचें ठरलें. चिन्हावांचून माल विकणारा दुकानदारही बनविणाऱ्याइतकाच गुन्हेगार. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा निदान दोन लाख रुपये दंड, अशी तरतूद २०१६ च्या मानक ब्यूरो कायद्यांत करण्यांत आली. जानेवारी २०२३ मध्यें विमानतळ व मॉल येथील बड्या दुकानांतून १८,६०० खेळणीं जप्त झाल्याचें जाहीर झालें. ठीकच झालें. परंतु चादरीवर मांडलेल्या दुकानाची झडती कोण घेणार? तेथें गिऱ्हाइकानेंच चिन्हाजवळचा परवाना-क्रमांक पाहावा. तो खरा कीं खोटा, हें ब्यूरोच्या 'बी. आय. एस. केअर' ॲपवर कळतें आणि तक्रारही तेथेंच नोंदवितां येते.

आमचा खरा आक्षेप निराळाच आहे. हा हुकूम खेळण्यांपुरता. पावसाळाभर मुलाच्या अंगावर असणारा व्हिनाइलचा रेनकोट, पाठीवरचें दप्तर, डब्याची पिशवी हीं खेळणीं नव्हेत, म्हणून त्यांस तो लागू नाहीं. कॅलिफोर्नियांत २००५ सालीं शिसें असलेल्या डब्यांच्या व्हिनाइल पिशव्यांवरून एका लोकसंस्थेनें उत्पादकांवर खटले भरले. २००८ सालीं अमेरिकेनें कायदा करून बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीं बनविलेल्या सर्वच वस्तूंतील शिशास मर्यादा घातली. बदकावर चिन्ह हवें आणि दप्तरावर नको, हा भेद मुलाच्या शरीरास कसा कळावा?