वत्सगुल्म आणि माणसाची ओढ

वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी, हे इतिहासाच्या पुस्तकात असतं. याहून नवलाची ओळख राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त आहे. सुमारे अकराशे वर्षांपूर्वीच्या या ग्रंथातल्या रूपककथेत काव्यपुरुष रुसून घर सोडतो आणि साहित्यविद्या त्याला वश करायला त्याच्यामागे देशोदेशी फिरते. विदर्भात आल्यावर तो तिच्यावर पुरता भाळतो आणि दोघांचा गांधर्व विवाह होतो तो वत्सगुल्मात. राजशेखर या नगराला मदनाचं क्रीडास्थान म्हणतो.

त्याच्याही कित्येक शतकं आधी वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’त हे नाव आलेलं आहे. तो उल्लेख मात्र अभिमानानं मिरवण्याजोगा नाही. वत्सगुल्माच्या बड्या अधिकाऱ्यांच्या अंतःपुरातल्या स्त्रिया रात्री राजाच्या सेवेला जात, एवढंच तिथं म्हटलं आहे. स्त्रीच्या मर्जीला विचारणारं कोणी नव्हतं. त्या काळाला सुवर्णयुग म्हणण्याचं कारण नाही. पण वात्स्यायनाची नजर विलक्षण होती. जे दिसतं ते तो टिपून ठेवतो.

याच ग्रंथात तो ‘तृतीया प्रकृती’चे दोन प्रकार सांगतो. एक स्त्रीच्या वेशात, स्त्रीच्या ढंगानं राहणारी व्यक्ती. दुसरा प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. हा माणूस दिसायला चारचौघांसारखा पुरुष. मनातली पुरुषाची ओढ तो लपवून ठेवतो आणि अंग रगडून देण्याच्या कामावर पोट भरतो. त्याच अध्यायात आणखी काही जण येतात: एकमेकांवर पक्का विश्वास असलेले, एकमेकांचं भलं चिंतणारे नागरक, म्हणजे शहरी रसिक, मित्र. त्यांच्यातही शरीरसंबंध होतात, असं तो नोंदवतो, पण त्यांना तृतीया प्रकृतीत घालत नाही. म्हणजे माणूस दिसतो कसा, त्याला ओढ कुणाची वाटते आणि तो प्रत्यक्ष करतो काय, या तीन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत, हे त्या पानांत आधीच दिसतं. मला तर ते वाचताना थक्क व्हायला होतं.

आता थेट विसाव्या शतकात येऊ. अमेरिकेतला आल्फ्रेड किन्सी मूळचा कीटकशास्त्रज्ञ. ओकच्या झाडांवर गाठी करणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या त्यानं लाखोंनी जमवल्या, भिंगाखाली धरून मोजल्या. एकाच जातीतल्या माश्यांतही किती फरक असतो, हे त्याच्या डोळ्यांत भरलं. पुढे त्यानं हजारो माणसांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा तीच सवय कामी आली. 1948 साली त्यानं शून्य ते सहा अशी पट्टी मांडली. शून्य म्हणजे ओढ फक्त भिन्नलिंगी व्यक्तीची, सहा म्हणजे फक्त समलिंगी व्यक्तीची. मधल्या पायऱ्यांवरही माणसं होती, आणि थोडीथोडकी नव्हती. ज्यांना कुणाचीच लैंगिक ओढ नाही, त्यांना पट्टीवर जागा सापडेना, म्हणून त्यांच्यासाठी वेगळं ‘एक्स’ हे अक्षर ठेवावं लागलं.

खरी गंमत इथून पुढे आहे. किन्सीची पट्टी तराजूसारखी चालते: एक पारडं वर गेलं की दुसरं खाली आलंच पाहिजे. पण एखाद्याला दोन्हींची ओढ उत्कट असेल तर? किंवा दोन्हींची अगदी मंद? 1978 साली मानसोपचारतज्ज्ञ फ्रिट्झ क्लाइन यानं एकाच पट्टीऐवजी तक्ता आखला. आकर्षण, प्रत्यक्ष वर्तन, मनातली कल्पना, भावनिक जवळीक, कुणात मिसळायला आवडतं, कसं जगतो, स्वतःला काय म्हणवतो, अशा सात गोष्टी. प्रत्येकीचं काल काय होतं, आज काय आहे आणि मनाजोगतं काय असेल, असे तीन रकाने. एकवीस घरं आकड्यांनी भरायची. ती सगळी घरं एकाच आकड्यानं भरतील असं गृहीत धरण्याचं कारण नाही, असं त्याचं म्हणणं.

2019 साली जवळपास पाच लाख लोकांच्या जनुकीय माहितीचा मोठा अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. समलैंगिकतेचं एक जनुक असं काही सापडलं नाही. अगदी बारीक परिणाम करणारी असंख्य जनुकं आहेत, त्यांच्याबरोबर इतरही कारणं आहेत. याच शास्त्रज्ञांनी असंही म्हटलं की भिन्नलिंगी ते समलिंगी अशी एकच सरळ रेषा धरणं पुरेसं नाही. दुसरं कोडं मोठ्या भावांचं. एकाच आईच्या पोटचे जितके थोरले भाऊ, तितकी धाकट्या मुलाच्या समलैंगिक असण्याची शक्यता थोडी वाढते. सावत्र किंवा दत्तक भावांनी ती वाढत नाही. शक्यता तरीही लहानच राहते, पण गर्भातल्या घडणीचा यात काही वाटा असावा, असं यावरून दिसतं.

मराठीत हा विषय उघडपणे बोलायची हिंमत र. धों. कर्वे यांनी 1927 साली सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’मधून दाखवली. वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी दिलेल्या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला. त्या उत्तरांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. 1934 साली कर्व्यांच्या बाजूनं उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. निकाल विरुद्ध गेला. 1860 च्या दंडसंहितेतल्या कलम 377 खाली प्रौढांचे संमतीचे संबंधही गुन्हा ठरत. सर्वोच्च न्यायालयानं ते थांबवलं 6 सप्टेंबर 2018 रोजी. वात्स्यायनानं जे नुसतं नोंदवलं होतं, ते गुन्हा नाही हे म्हणायला आपल्याला इतका वेळ लागला, याचं वाईट वाटतं.

वाशीम जिल्ह्यातलं मंगरूळपीर, मानोरा, कारंजा, रिसोड, मालेगाव, कुठल्याही गावात समलिंगी ओढ असलेली माणसं आहेत, कारण ती सगळीकडेच आहेत. तुमच्या घरात मुलानं किंवा मुलीनं असं काही सांगितलं, तर आधी शांतपणे ऐकून घ्या. लग्न लावून दिलं की सगळं सुरळीत होईल, या आशेनं दोन आयुष्यांशी खेळू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून 1990 सालीच काढली आहे. ती ‘बरी करून देतो’ म्हणणारा डॉक्टर भेटला, तर 2022 पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या लेखी तो व्यावसायिक गैरवर्तन करतो आहे, आणि त्याची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते.