सोनौलीला अडलेली बस

पावसाळा सरला की आमच्या वस्त्यांमधून टूरची पत्रके फिरू लागतात. बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी; माणशी इतके रुपये, चहा-नाश्त्यासह. उपासिका वर्षभर भिशी लावून पैसे साठवतात. तो पैसा पुढे कुणाकुणाच्या हातात जातो, याचा विचार आम्हीही कधी केला नव्हता.

गेल्या वर्षी सोनौलीच्या सीमेवर तो करावा लागला. भारतीय गाडी लुंबिनीला न्यायची तर नेपाळचा भन्सार भरावा लागतो. तो कुणी भरायचा? टूरवाल्याने बसमालकाकडे बोट दाखवले, बसमालकाने मधल्या दलालाकडे. साठी ओलांडलेल्या बाया 4 तास रस्त्यावर! शेवटी पैसे भरले ड्रायव्हरने, स्वतःच्या खिशातून. आदल्या रात्री बोधगयेहून कुशीनगरपर्यंत गाडी त्यानेच एकट्याने हाकली होती.

व्यवस्थापनशास्त्र यालाच पुरवठा साखळी म्हणते. टूरवाल्याची ना बस असते, ना हॉटेल, ना स्वयंपाकी. तो सगळे विकत घेतो आणि मोट बांधून आपल्याला विकतो. ऑक्टोबर ते मार्च या हंगामात खोल्या महागतात, पण पत्रकावरचा दर आधीच छापलेला. मग काटछाट कुठे होते? दुसऱ्या ड्रायव्हरमध्ये, भांडी घासणाऱ्या पोरात, चादरी धुणाऱ्या बाईत. उतरंड आपल्याला नवी नाही. ही मात्र आपल्याच पैशावर उभी आहे.

1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ड्रायव्हरला साधारणपणे दिवसाचे 8 तास ठरवून दिले. 1970 चा कंत्राटी कामगार कायदा 20 कामगारांपासून लागू होई. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मुख्य मालकाने द्यायची. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या संहितेने दोन्ही कायदे पोटात घेतले. मालकावरची जबाबदारी राहिली, पण 20 चे 50 झाले. यात्रेकरूंच्या किती लॉजमध्ये 50 कंत्राटी कामगार असतील?

प्रवाशाला निदान 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, आणि तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यातच करता येते. ड्रायव्हरने कुठे जायचे?

यंदा आम्ही टूरवाल्याकडून लेखी मागितले: भन्सार कोण भरणार, ड्रायव्हर दोन, त्यांच्या जेवणाची-झोपण्याची सोय. त्याने माणशी 300 रुपये वाढवले. बैठकीत कुरकुर झाली. तेव्हा एका आजींनी विचारले, "मागच्या ड्रायव्हरला त्याचे पैसे मिळाले का?" कुणालाच माहीत नव्हते. तिथूनच फोन लावला. नंबर बंद होता.